तळ्यात, मळ्यात आणि कठड्यापाशी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातल्या तलावावर जा, एक फलक हमखास भेटतो. 'येथे पोहण्यास, कपडे धुण्यास व जनावरे धुण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.' शब्द गावागणिक थोडे बदलतात, मजकूर हाच असतो. आपण तो सूचना म्हणून वाचतो आणि पुढे जातो. साहित्याच्या वाचकाने तो एकदा मजकूर म्हणून वाचावा. त्यात तीन क्रिया आहेत आणि त्या तीन क्रियांमागे तीन माणसे आहेत : पोहणारे पोर, धुणे घेऊन आलेली बाई किंवा परीट, आणि म्हशी घेऊन आलेला गवळी. पण वाक्यात माणूस एकही नाही. मनाई कोणी केली तेही नाही. 'हुकमावरून' या शब्दाला कर्ताच नसतो.

आता मुंबईतली बुजवलेली तळी आठवा. धोबी तलाव. गोवालिया टँक, म्हणजे गाई पाण्यावर आणायची जागा. तिथले पाणी केव्हाच गेले. गोवालिया टँकचे मैदान झाले आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. पाणी गेले, पण नाव राहिले. आणि नाव राहिले ते काठ वापरणाऱ्यांचे. पुण्यात सारसबागेच्या जागी तळे होते. ते आटवून बाग झाली, तरी जुनी माणसे अजून 'तळ्यातला गणपती' असेच म्हणतात. लोकांनी तळ्यांना दिलेली नावे तिथे काय चालते यावरून दिलेली असत. आज फलकावर ज्यांना मनाई आहे, तेच एके काळी तळ्याचे नाव होते. या लेखाचा विषय हा बदल आहे : शहरातले तळे 'शिवायचे' होते ते 'पाहायचे' कसे झाले, त्यात आपल्या साहित्याचा हात किती, आणि त्यात आपण गमावले काय.

हा विषय माझ्याकडे का आला तेही सांगतो. मी लोहाऱ्याला राहतो. यवतमाळला लागून, दारव्हा रस्त्यावरचे, औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाणारे हे गाव. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांची जी श्रीमंती आहे, ती आमच्या भागात नाही. यवतमाळला पाणी येते ते निळोणा आणि चापडोह या प्रकल्पांतून. २०१८ च्या उन्हाळ्यात हे साठे तळाला गेले आणि शहराने टँकरच्या मागे जे दिवस काढले, ते इथला कोणी विसरलेला नाही. त्यामुळे आमच्याकडे सांडव्यावरून पाणी पडू लागले की लोक ते बघायला जातात. त्या बघण्यात हौस असते, तशी खात्री करून घेण्याची गरजही असते. अशा गावातला माणूस परगावी गेला की तळे बघतो. माझ्याकडे ना स्थापत्याची पदवी, ना साहित्याची. वाचनालये, एसटी आणि वह्या एवढ्या भांडवलावर गेली अनेक वर्षे मी कामाला जाईन तिथले तळे संध्याकाळी पाहून येतो : ठाण्याचा मासुंदा, कोल्हापूरचा रंकाळा, नागपूरचा फुटाळा, चंद्रपूरचा रामाळा, महाडचे चवदार तळे. वहीत पाण्याचे वर्णन फारसे नाही. काठाचे आहे. पायऱ्या आहेत का, कठडा कुठून कुठपर्यंत, फाटक आहे की नाही, असले तर उघडे की कुलपात.

रिकामे तळे

आपल्या ललित लेखनात तळे येते तेव्हा ते बहुधा रिकामे असते. पाणी असते, कमळ असते, बगळा असतो, मावळतीचा रंग असतो, आणि हे सगळे पाहणारा एकटा लेखक असतो. दुसरे कोणी आले तर ते त्या चित्राचा भाग होऊन येते, लांबून दिसणारी ठिपक्याएवढी घागर होऊन. शेजारी बसून दाणे खाणारा माणूस ललित निबंधात क्वचितच भेटतो. तळे इथे आरसा होते. लेखक त्यात स्वतःला पाहतो आणि आरशासमोर गर्दी चालत नाही.

बालकवींच्या 'औदुंबर'चे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. आठ ओळींची कविता. त्यात झरा आहे, डोह आहे, गाव आहे, शेतमळे आहेत, डोहाकडे जाणारी पायवाटही आहे. माणूस मात्र एकही नाही. पाण्यात पाय घालून बसलेला आहे तो एक वृक्ष. माणसाने काठावर जे करायचे, ते कवीने झाडाला करायला दिले. मी ही कविता कमी लेखत नाही. ती तशी आहे म्हणूनच ती शंभर वर्षे टिकली. पण पायवाट कोणी पाडली, हा प्रश्न त्या कवितेबाहेरच राहतो. एका कवितेत हे शोभते. सगळ्या लेखनाची तीच सवय झाली की तिचे परिणाम साहित्याबाहेरही उमटतात.

ते परिणाम मला शहरी तलावांच्या 'सुशोभीकरणा'त दिसतात. सुशोभीकरणाच्या योजनेत काय काय असते ते आता सगळ्यांना पाठ आहे : चहूबाजूंनी संरक्षक भिंत, तिच्यावर लोखंडी कठडा, कठड्याला धरून पेव्हर ब्लॉकचा पदपथ, ठरावीक अंतरावर बाक, रंगीत दिवे, मध्ये कारंजे, गावाच्या नावासकट बदाम काढलेली मोठी अक्षरे आणि तिथे उभे राहून फोटो काढायची सोय. या साऱ्याचा गाभा एकच आहे. पाणी हे दृश्य आहे आणि तुम्ही प्रेक्षक आहात. रिकामे, निश्चल, लांबून पाहायचे तळे ही कल्पना आधी आपल्या निबंधांत तयार झाली. नगरपरिषदांनी तिला काँक्रीट दिले एवढेच. अभियंता ललित निबंध वाचून आराखडा काढतो असे मला म्हणायचे नाही. पण शाळेत आपण सगळ्यांनी 'तळ्याकाठची संध्याकाळ' हा निबंध लिहिला आहे. अभियंत्यानेही लिहिला होता, आणि ठराव मंजूर करणाऱ्या सभासदांनीही.

दहीभात घेऊन आलेली बाई

मराठीत तळ्याची दुसरी परंपराही आहे आणि ती जुनी आहे. श्रावणातल्या शितळासप्तमीची कहाणी घ्या. आटपाट नगरचा राजा तळे बांधतो, पण पाणी काही लागत नाही. जलदेवता सांगतात की सुनेचा थोरला मुलगा बळी दे. सून तयार होणार नाही हे राजाला ठाऊक असते. तो तिला माहेरी पाठवतो, नातवाला न्हाऊ-जेवू घालतो, दागिने घालतो आणि तळ्यात ठेवून येतो. तळे भरते. पुढे सून परत येते तेव्हा वाटेत तुडुंब भरलेले तळे पाहते. तो सप्तमीचा दिवस असतो. ती वसा आठवून तळ्याकाठी पूजा करते, काकडीच्या पानावर दहीभात ठेवते, आपल्या वंशातले कोणी पाण्यात बुडाले असेल तर परत मिळो असे मागते. तेवढ्यात पाण्यात तिचे पाय कोणीतरी ओढते. तो तिचाच मुलगा असतो.

ही कहाणी वाचताना आपण बळीच्या कल्पनेपाशी थबकतो. ते योग्यच आहे. पण तिच्यात तळ्याबद्दल तीन गोष्टी नेमक्या सांगितल्या आहेत. पहिली, तळे आपोआप होत नाही. ते कोणीतरी बांधलेले असते, आणि बांधले म्हणून भरतेच असे नाही. दुसरी, बांधल्याचे श्रेय राजाचे असले तरी किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजलेली असते, आणि त्याला विचारलेलेही नसते. तिसरी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : गमावलेले परत मिळते ते पाण्यात पाय घातल्यावर. राजवाड्याच्या गच्चीवरून तळे पाहणाऱ्या राजाला ते मिळत नाही. सून जर कठड्यामागून हात जोडून गेली असती, तर ही कहाणी सुफळ संपूर्ण झाली नसती.

आपली म्हणही हेच सांगते : तळे राखी तो पाणी चाखी. आज आपण ती टेबलाखालच्या व्यवहारांसाठी वापरतो. राखणदार थोडे खाणारच, असा तिचा कुत्सित अर्थ. पण तिच्यातला व्यवहार उलट्या दिशेनेही खरा आहे. जो चाखतो, तोच राखतो. ज्याच्या घशाखाली ते पाणी जाणार आहे, ज्याच्या पोराच्या अंगाला ते लागणार आहे, त्याला पाण्याचा वास बदललेला पहिल्या दिवशी कळतो. बाकावर बसलेल्याला तो कळायला जलपर्णी यावी लागते. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद येत राहतात, जलपर्णी आणि शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, आणि एका सकाळी मेलेले मासे तरंगतात. तेव्हा वर्तमानपत्रात फोटो येतो. तोवर कठड्याशी उभे राहून सूर्यास्त पाहणाऱ्या कोणाचीच तक्रार नसते, कारण दृश्यात काही बिघडलेले नसते. हिरवे पाणी संध्याकाळच्या प्रकाशात चांगलेच दिसते.

शिवणे

'शिवणे' या मराठी क्रियापदाशी जो इतिहास चिकटला आहे, तो दूर ठेवून तळ्यावर बोलता येत नाही. पाण्याला शिवण्याची मुभा सगळ्यांना होती असे चित्र रंगवून जुन्या घाटांच्या आठवणीत रमणे, हे आपल्याकडच्या तलावविषयक लेखनाचे दुसरे दुखणे आहे. घाट होता, पण तो सगळ्यांचा नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. एका खासगी हौदाची ही घटना इतिहासात नोंदवावी लागते, यावरूनच सार्वजनिक पाण्याची स्थिती काय असेल ते कळते.

महाडचे चवदार तळे हे मराठी भूमीवरचे सर्वांत महत्त्वाचे शहरी तळे आहे, आणि त्याचे महत्त्व काठाचे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला : सरकारी पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे अस्पृश्य वर्गांना खुले असावेत. ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण काठावर कोणी जाऊ शकले नाही. अन्य धर्मीय जात होते, गुरे जात होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेतल्या लोकांसह मिरवणुकीने तळ्यावर गेले, खाली उतरले आणि पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले आणि घागरींनी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरमध्ये दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी आहे, असा वादींचा दावा होता. निकाल मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी तो आंबेडकरांच्या बाजूने लागला. अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. पाण्याच्या काही ओंजळींसाठी दहा वर्षे.

मी या तारखा सलग देतो, कारण त्यांच्यात एक धडा आहे जो सुशोभीकरणाच्या काळातही लागू आहे. तळे 'सार्वजनिक' आहे असा ठराव करणे सोपे आहे. ते सार्वजनिक होते तेव्हाच, जेव्हा कोणीही पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाऊ शकतो. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली होती. ती वाचून मोठी तुलना वाटते. पण एका लहान गावातल्या तळ्याच्या पायऱ्या उतरणे ही समतेची सगळ्यात सोपी, सगळ्यात दिसणारी चाचणी आहे हे लक्षात घेतले, तर तुलना नेमकी वाटते.

आजच्या फलकांवरची मनाई आणि तेव्हाची मनाई यांची बरोबरी करणे हा चवदार तळ्याचा अपमान होईल. तेव्हाची मनाई जन्मावरून होती. आजची कामावरून आहे आणि तिच्यामागे काही वेळा रास्त कारण असते. तरी एवढे मात्र पाहावे की ही कामे ज्यांच्या वाट्याला आली, ती माणसे कोण होती. आणि पदपथावर चालणाऱ्यांच्या नजरेला काय 'शोभत नाही' हे ठरवताना त्यांना कोणी विचारले होते का. 'सुशोभीकरण' या शब्दातल्या 'शोभा' या भागाची समीक्षा व्हायला हवी ती इथे.

तलाव म्हणजे बांधलेला

काठाचा प्रश्न आता कायद्याच्या व्याख्येतही आला आहे. पाणथळ जागांच्या संवर्धनाचे २०१७ चे केंद्रीय नियम पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मनोरंजनासाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलसाठे आपल्या व्याख्येतून वगळतात. नैसर्गिक सरोवरे भरपूर असलेल्या प्रदेशात ही व्याख्या चालून जाईल. महाराष्ट्रात लोणारसारखा अपवाद सोडला, तर शहरातले बहुतेक प्रत्येक तळे कोणीतरी बांध घालून, खाणीत पाणी साठवून किंवा खोदून तयार केलेले आहे. आपल्या भाषेत 'तळे बांधले' असेच म्हणतात. कहाणीतला राजा तेच करतो. म्हणजे नियमांची व्याख्या आपल्या तळ्यांना ओळखतच नाही.

नागपूरच्या फुटाळ्याच्या वादात हेच झाले. भोसलेकालीन तलाव, सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी, संध्याकाळी तरुण मुलामुलींनी गजबजलेला. तिथे पाण्यात संगीत कारंजे आणि काठावर प्रेक्षक दीर्घा उभी राहिली. प्रकरण न्यायालयात गेले. फुटाळा मानवनिर्मित असल्याने त्या नियमांच्या अर्थाने पाणथळ जागा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मान्य केले. पण त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते. मला या दुसऱ्या वाक्यात अधिक रस आहे. तलाव बांधलेला आहे म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही. बांधलेला आहे म्हणूनच त्याचा कोणीतरी विश्वस्त असतो, आणि विश्वस्ताला हिशेब विचारता येतो. चंद्रपूरला २०२१ च्या फेब्रुवारीत रामाळा तलावासाठी इको-प्रो या संस्थेच्या बंडू धोतरे यांनी उपोषण केले ते अशाच हिशेबासाठी. गोंड राजांनी बांधलेल्या तलावात शहराचे सांडपाणी का, हा प्रश्न होता. दिवे किती लावणार, हा नव्हता.

आणि 'प्रेक्षक दीर्घा' हा शब्दही नजरेआड करू नये. तळ्याला प्रेक्षागृहाची भाषा मिळाली की पाण्याचा रंगमंच होतो आणि माणसाला तिकीट लागण्याची शक्यता तयार होते. अमुक वाजेपर्यंत बंद, अमुक वाजता उघडे, आत जायला इतके रुपये, ही वाट त्या शब्दापासून फार लांब नाही. शहरात फुकट बसता येईल अशा जागा मोजक्या उरल्या आहेत. दोन खोल्यांच्या घरात राहणारे नवरा-बायको, पोरांच्या संसारात दुपारी नकोसा झालेला निवृत्त माणूस, वसतिगृहातली मुले, ड्यूटी संपवून आलेली परिचारिका, यांना अर्धा तास बसायला तळ्याचा काठ आहे. त्यांना शोभेपेक्षा बैठक हवी असते.

कठड्याच्या बाजूने

कठड्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर हे लेखन एकांगी होईल. तळ्यात माणसे बुडतात, मुले बुडतात. त्यांच्या आईबापांसमोर उभे राहून काठाच्या काव्याची बाजू मांडता येत नाही. दुसरे, शिवण्याने तळी घाणही होतात. साबण, निर्माल्य, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती हे सगळे शिवणाऱ्यांनीच टाकले आहे. विसर्जनासाठी कृत्रिम हौद झाले ते चांगले झाले. तिसरे, फलक आणि दिवे आल्यामुळे काही तळ्यांवर बायका अंधार पडल्यावरही निर्धास्त फिरू लागल्या. ही लहान गोष्ट नाही. जुन्या घाटाची आठवण काढणाऱ्यांनी तो घाट संध्याकाळी सातनंतर कोणाचा असे, तेही सांगावे.

हे सगळे मान्य करून माझा मुद्दा उरतोच. कठडा असावा का, हा प्रश्न मी विचारत नाही. कठड्याला फाटक असावे, हे माझे म्हणणे आहे. चहूबाजूंनी सलग कठडा घालणे हे सुरक्षेचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आळशी उत्तर आहे. उथळ, रुंद, न घसरणाऱ्या पायऱ्यांचा एक टप्पा, तिथे पाण्याची खोली सांगणारी खूण, एक राखणदार आणि ठरलेली वेळ, हे महाग पण शहाणे उत्तर. जुन्या घाटाच्या पायऱ्या काही शोभेसाठी नव्हत्या. पाणी चढले-उतरले तरी कुठल्याही ऋतूत पाण्याशी पोचता यावे, याची ती व्यवस्था होती. रंकाळ्यात पाणी ओसरले की संध्यामठ उघडा पडतो आणि कोल्हापूरकरांना पातळी किती उतरली ते आपोआप कळते. पायऱ्याही तेच काम करतात. किती उघड्या पडल्या यावरून गावाला आपल्या पाण्याचा अंदाज येतो. सरळ उभी भिंत काही सांगत नाही.

लोकांनीही या बाबतीत आपले मत दिलेले आहे, फक्त ते लिहून दिलेले नाही. माझ्या वह्यांत हे पुन्हा पुन्हा आले आहे. जिथे कठडा तुटला आहे, एखादा गज वाकला आहे किंवा फाटकाचे कुलूप मोडले आहे, तिथे गर्दी सर्वांत जास्त असते. नवे कोरे बाक रिकामे आणि त्या खिंडीपाशी दहा माणसे उकिडवी बसलेली. कोणी माशांना कणकेच्या गोळ्या टाकते, कोणी बाळाचे पाय बुडवते, कोणी नुसते दोन बोटे ओली करून डोळ्यांना लावते. याला नियमभंग म्हणता येईल. मी याला समीक्षा म्हणतो. आराखडा वाचून लोकांनी त्यावर केलेली ती दुरुस्ती आहे.

ठाण्याच्या तलावपाळीवर दिवाळीच्या पहिल्या पहाटे तरुणांची जी गर्दी लोटते, तिच्याकडे मी असेच पाहतो. शेजारी कोपिनेश्वराचे देऊळ आहे, गडकरी रंगायतन आहे, बाजार आहे. नवे कपडे घालून पोरे येतात ती पाणी बघायला येत नाहीत, एकमेकांना भेटायला येतात. पण भेटायला त्यांनी जागा निवडली ती तळ्याची. शहराच्या मधोमध एवढी मोकळी जागा पाण्यामुळेच शिल्लक राहिलेली असते, आणि पाणी समोर असले की काही न बोलता बसून राहणेही चालते. ललित निबंधातल्या एकट्या लेखकाला या गर्दीने तळ्यावरून केव्हाच उठवले आहे. आमच्या लेखनाने तिची दखल घेतलेली नाही, इतकेच.

तळ्याची समीक्षा कशी करावी

लहानपणी आपण सगळे 'तळ्यात-मळ्यात' खेळलो. जमिनीवर एक रेघ. अलीकडे मळा, पलीकडे तळे. खेळाची सगळी गंमत त्या रेघेवरून उडी मारता येण्यात होती. म्हणून ज्याचे मत ठरत नाही त्याला आपण 'तळ्यात-मळ्यात करतो' म्हणतो. त्याला निदान दोन्हीकडे जाता येते. सुशोभीकरणाने तिसरी जागा काढली आहे : ना तळ्यात, ना मळ्यात, कठड्यापाशी. तिथे उभ्या असलेल्या माणसाला खेळता येत नाही, फक्त फोटो काढता येतो.

साहित्याच्या समीक्षकाला कवितेची रचना, भाषा, आशय तपासायची सवय असते. शहराच्या तळ्यालाही चार प्रश्न विचारता येतात. पाण्यापर्यंत उतरता येते का? येत असेल तर कोणाला, आणि कोणाला नाही? इथे पैसे न देता किती वेळ बसता येते? आणि पाणी बिघडले तर ते पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येईल? या चारांपैकी एकाचेही उत्तर कारंज्याच्या उंचीवर अवलंबून नाही. तळ्यावर लिहिणाऱ्यांनीही हेच प्रश्न स्वतःच्या मजकुराला विचारावेत. तुमच्या तळ्याकाठी माणसे आहेत का? असतील तर ती काय करत आहेत? का ती नुसती लांबची घागर आहेत?

गावोगावी तलावांच्या सुशोभीकरणाचे प्रस्ताव तयार होत असतात. पुढच्या वेळी असा नकाशा नगरपरिषदेच्या फलकावर लागलेला दिसला, तर रंगीत चित्रातल्या झाडांकडे आणि दिव्यांकडे नंतर पाहा. आधी कठड्याच्या रेघेवर बोट ठेवून ते तळ्याभोवती पूर्ण फिरवा, आणि फाटक कुठे आहे ते शोधा.